रकान्यात लिहिलेलं ‘नाहीत’

तारापूरच्या केमिकल कंपन्यांत ऑपरेटर म्हणून पंधरा वर्षं घासली, पण नोकरी ठरवताना काय विचारावं एवढी अक्कल काही आली नाही. आम्हा सगळ्यांचा एकच प्रश्न, “हातात किती पडणार?” बाकी गेलं खड्ड्यात.

जुन्या कंपनीत ईएसआयचं, म्हणजे सरकारी कामगार विम्याचं, कार्ड होतं. त्यासाठी पगारातून थोडे पैसे कापले की मी बोटं मोडायचो. आईच्या किडनीचं औषधपाणी त्याच कार्डावर फुकट व्हायचं, ते मात्र सोयीने विसरायचो.

नव्या कंपनीत मी घासाघीस करून पगार एवढा वर नेला की ईएसआयच्या मर्यादेबाहेर गेलो. कापाकापी बंद! स्वतःवर जाम खूश होतो. एचआरच्या मॅडमनी फॉर्म पुढे केला आणि विचारलं, “आई-वडील तुमच्यावर अवलंबून आहेत?”

बोईसरला शिफ्टच्या बसची वाट बघताना जुनी माणसं नवीन माणसाला पढवतात, की घरी आजारी माणूस आहे हे बोलायचं नाही, सारख्या रजा मारेल म्हणून कंपनीवाले कटवतात. मीही हुशारी केली.

“नाही हो मॅडम. वडील नाहीत, आई गावी असते, भावाकडे.”

“नक्की?”

“नक्की.”

रकान्यात माझ्या हाताने ‘नाहीत’ लिहिलं. भाऊबिऊ मला कोणी नाही. आई तेव्हा आमच्या बोईसरच्या खोलीत माझ्यासाठी भाकऱ्या थापत होती.

सहा महिन्यांत तिचं डायलिसिस सुरू झालं. कंपनीचा विमा आहे म्हणून मी ऐटीत मॅडमकडे गेलो. त्यांनी फाइल काढून तो फॉर्मच समोर ठेवला. “विम्यासाठी नावं कामावर लागतानाच घेतात हो. मी दोनदा विचारलं होतं तुम्हाला.” अक्षर माझंच होतं.

वाढलेला पगार आणि बायकोच्या पाटल्या पालघरच्या हॉस्पिटलात गेल्या. डॉक्टरांनी आठवड्यातून तीनदा सांगितलेलं, मला दोनदाच झेपायचं. आईला म्हटलं, डॉक्टरच दोनदा म्हणालेत. मेल्या, जन्मदातीशी खोटं बोललास, असं मन रोज खायचं.

“कार्डावर नाव हाय न्हवं माजं?” ती विचारायची.

“आहे गं.”

जाण्याच्या चार दिवस आधी तिने मला जवळ बसवलं. पाय सुजून टम्म झाले होते. म्हणाली, “तुज्या सायबाला माजा नमस्कार सांग. परक्या म्हातारीचं एवढं कोण करतंय रं?”

मी म्हटलं, “सांगतो.”