पितळी प्रस्थान

‘ओल्ड लुक होता ना सर, म्हणून काढलं.’ जुन्या विमानतळावरची ब्लेझरवाली मुलगी मला हे हसत हसत सांगत होती आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओल्ड! अगं बाई, तुझ्यासमोर माझी आई उभी आहे, तीही ओल्डच आहे. तिलाही भंगारात देऊ का?

पण असं मधूनच सुरू केलं तर कुणाला काही कळायचं नाही. पहिल्यापासून सांगतो.

लालबागच्या आमच्या चाळीत विमानतळाला कुणी विमानतळ म्हणत नसे. एरोड्रम! मी दहा-अकरा वर्षांचा असताना बाबा गिरणीतलं फिटरचं काम सोडून आखातात निघाले, तेव्हा त्यांना पोचवायला निम्मी चाळ टेम्पोत बसून एरोड्रमवर गेली. नेमकी त्या दिवशी दुपारी अमावास्या लागत होती आणि विमान संध्याकाळचं. अशा वेळी आमच्याकडे प्रस्थान ठेवतात. जाणाऱ्याच्या नावानं तांदूळ, हळकुंड, सुपारी फडक्यात बांधायची आणि चांगल्या वेळेला शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. माणूस तेव्हाच निघाला असं धरतात. खरोखर निघताना ती पुरचुंडी उचलून सोबत न्यायची. पण शेजारी सुतक, पलीकडच्या खोलीला कुलूप, टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय. आई पुरचुंडी कमरेला खोचून तशीच निघाली, आणि वाटभर धुसफुसत राहिली.

हॉलमध्ये शिरलो आणि सगळी चाळ माना वर करून बघायला लागली. त्या वेळी पोचवायला आलेल्यांनाही आत सोडत. काय हॉल होता तो! हिरव्या-पांढऱ्या खड्यांची मोझॅकची जमीन, तिच्यात पितळेच्या बारीक पट्ट्या. एक जिना, खाली ना खांब ना टेकू, नुसता वळत वळत वर गेलेला, आणि त्याचा लाकडी कठडा हात लावावा तिथे गुळगुळीत. छताला गोल काचा, त्यांतून उन्हाचे गोल जमिनीवर पडलेले. एका बाजूला सिमेंटची जाळी, तिच्यातून वारा यायचा. आणि समोरच्या भिंतीवर हातभर उंचीची पितळी अक्षरं: प्रस्थान. त्यांच्या बरोबर खाली मोझॅकचाच घडवलेला एक कट्टा.

आईनं ते वाचलं मात्र, तिचा चेहरा उजळला. ‘बघा, सरकारान कशी सोय करून ठेवल्यान ती!’ असं म्हणत तिनं अमावास्या लागायच्या आत पुरचुंडी त्या कट्ट्यावर ठेवली आणि अक्षरांना हात जोडले. बाबा हसून हसून बेजार. पण निघताना त्यांनी ती मुकाट्यानं उचलली आणि नव्याकोऱ्या कोटाच्या खिशात घातली. पुढे बरीच वर्षं तिकडे राबून ते धडधाकट परत आले आणि म्हातारे होऊन आपल्या खोलीत, आपल्या माणसांत वारले. त्याचं सगळं श्रेय आई आजही त्या कट्ट्याला देते.

मी मात्र त्या अक्षरांच्याच प्रेमात पडलो. पुढे शाळेत चित्रकला शिकवली, तेव्हा फळ्यावर देवनागरी काढताना तीच डोळ्यांसमोर असायची. ‘प्र’च्या पोटातली ती तिरकी रेघ, ‘स्था’ची गाठ, आणि सगळ्यांवरून एका दमात गेलेली शिरोरेघ. ज्यानं ती ओतली त्याला आपली लिपी कळत होती. आजकाल कुणाला कळते हो?

आता चाळ पाडताहेत. टॉवर होणार. मला शिवडीला तात्पुरती खोली मिळाली, पण तिथली लिफ्ट अर्धा वेळ बंद. आई म्हणाली, मी गावी जाते. टॉवर झाला की परत आणीन, असं मी चारचौघांत सांगून टाकलं. जन्मभर विमानाला नको नको म्हणणारी बाई एकदम म्हणाली, ‘एरोड्रमवरसूनच जावया. माझा प्रस्थान थंयच ठेवूचा हा.’ डोळ्यांना अंधूकच दिसतं तिला, पण पितळ चमकेल म्हणाली. गोव्याची दोन तिकिटं काढली, पुढे गावापर्यंत गाडी. तिनं आदल्या दिवशी स्वतःच्या हातानं पुरचुंडी बांधली, आणि तिच्यासाठी मी पण मनातून हरखलो होतो.

आणि आत जाऊन बघतो तर काय! मोझॅकवर राखाडी गालिचा चिकटवलेला. गोल काचा फॉल्स सीलिंगच्या वर गडप. जाळीवर मोबाइलची जाहिरात. जिन्याच्या तोंडाशी कॉफीचा ठेला, आणि त्या देखण्या कठड्याला कचऱ्याच्या पिशव्या बांधलेल्या. भिंतीवर अक्षरं नाहीत! रंगाखालून नुसती खिळ्यांची भोकं. वर एक बोर्ड टांगलेला, त्यावर इंग्रजी मोठ्ठं आणि मराठी मुंगीएवढं, तेही ‘प्रस् थान’. ‘स’चा पाय मोडलेला आणि थान वेगळीकडे पडलेलं! पहिलीतल्या पोरानं असं लिहिलं असतं तर मी त्याचा हात धरून गिरवून घेतलं असतं. इथे मोडक्या अक्षरांना कुणी तरी पास केलं, पैसे मोजले, शिडी लावून टांगलं, आणि एकालाही लाज वाटली नाही.

‘अक्षरां खंय गेली रे झिला?’ आई भिंत चाचपत विचारत होती. मी त्या ब्लेझरवाल्या मुलीला तेच विचारलं, आणि तिनं ते ओल्ड लुकचं सांगितलं. ती दोन शब्द गोड बोलून निघून गेली. भांडायलासुद्धा कुणी उरलं नाही.

कट्टा तेवढा शिल्लक होता. त्यावर चार्जिंगचे पॉइंट बसवले होते. आईनं हातानं चाचपून त्यांच्या मधली जागा शोधली, पुरचुंडी ठेवली आणि भोकं पडलेल्या भिंतीला हात जोडले. एवढ्यात गार्ड धावत आला.

‘ये किसका सामान है? ऐसे नहीं रख सकते. उठाओ!’

माझा तोल सुटला. ‘सामान नहीं है, प्रस्थान है!’

त्यानं बोर्डाकडे बोट दाखवलं. ‘प्रस्थान उधर से, अंकल. लाइन में लगो.’

मी तावातावानं त्याच्या अंगावर गेलो. माणसं थांबून बघायला लागली. आईनं माझी बाही ओढली. ‘भांडा नको. उचलूचाच असता ता.’ तिनं पुरचुंडी उचलली, कमरेला खोचली आणि पदर सारखा केला.

‘आई, टॉवर होऊ दे,’ मी म्हटलं, ‘मी स्वतः येऊन तुला परत आणीन.’

‘एकदा प्रस्थान उचलला की मागे फिरूचा नसता,’ ती रांगेकडे चालू लागत म्हणाली. ‘आणि फिरान जातलंय खंय? चाळ पण ओल्डच होती मा?’