गुरुजींचे महाराज

आईने साठी उलटल्यावर गुरू केला, तेव्हा सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते वडिलांना. छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केलेला माणूस. निवृत्तीनंतर नगर जिल्ह्यातल्या कर्जतला तीन खोल्या बांधून राहिले, पण शिकवणं काही सुटलं नव्हतं. दूधवाल्याला हिशेब कसा मांडावा, शेजारणीला कपडे कसे वाळत घालावेत, आईला भात किती शिजवावा, सगळं सांगायचे. घरात एवढा मोठा गुरू असताना बायकोने जामखेडच्या पुढे, खर्डा गावाच्या बाजूला जाऊन दुसऱ्याचा अनुग्रह घ्यावा, हे त्यांना पटणं शक्यच नव्हतं.

"तुला काय कमी पडलं होतं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," आई शेंगा सोलत म्हणाली. "सांगणारे घरात आहेत. ऐकणारा कोणी नव्हता. महाराज ऐकून घेतात."

आई शेजारच्या बायकांबरोबर जीपने मठात जायची. मठ म्हणजे पत्र्याचा सभामंडप, मागे दोन खोल्या आणि एक मोठं कडुनिंबाचं झाड. तिथल्या महाराजांचे गुरू वारल्यावर गादी यांच्याकडे आली होती. वडिलांनी या माणसाला न पाहताच त्याच्याबद्दल पक्कं मत करून टाकलं होतं. "दाढी वाढवली की झाला महाराज," असं ते रोज जेवताना म्हणायचे आणि आई त्यांना आणखी एक भाकरी वाढायची.

गुरुपौर्णिमेला मी नगरहून गाडी घेऊन गेले होते. आई म्हणाली, "आज तुम्हीपण चला. नमस्कार नका करू हवं तर, झाडाखाली बसा." वडील तयार झाले. मला वाटतं, प्रत्यक्ष जाऊन चुका काढायची सोय होती म्हणून.

मंडपात ही गर्दी. बायका नारळ, हार, पेढ्यांचे पुडे घेऊन रांगेत. वडील झाडाखाली बसणार होते, पण सावलीत आधीच लोक होते, म्हणून तेही आमच्यामागे रांगेत आले. हात पाठीमागे बांधलेले, जसे ते वर्ग तपासताना बांधत.

आमचा नंबर आला. आईने महाराजांचे पाय धुतले, फूल वाहिलं, डोकं टेकवलं. मग महाराजांची नजर वर गेली आणि वडिलांवर थांबली. पन्नाशीचा, सावळा, बसक्या नाकाचा माणूस. तो पाटावरून खाली उतरला आणि वडिलांच्या पायांवर सरळ आडवा झाला.

"गुरुजी," तो म्हणाला, "वळखलं न्हाई व्हय?"

मागून कुणी तरी पुटपुटलं, "म्हाराजांचे गुरू हायेत!" आणि रांग जी वळली, ती वडिलांकडे. पहिल्या बाईने नारळ त्यांच्या हातात दिला, दुसरीने हार घातला. वडील "अहो नाही, अहो मी नाही" म्हणत राहिले आणि लोकांना ती त्यांची नम्रता वाटली. एका म्हातारीने विचारलं, "बाबा, नातीचं लगीन जमंल का?"

वडिलांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "कितवीत आहे?"

"धाव्वीत."

"मग शिकू दे तिला आधी."

म्हातारीने तो आशीर्वाद समजून पदराला गाठ मारली.

पंगत उठल्यावर महाराजांनी आम्हाला मागच्या खोलीत बसवलं. तोपर्यंत वडिलांना ओळख पटली होती. त्यांच्या चौथीच्या वर्गातला, मागच्या रांगेत बसणारा मुलगा. पाढे कधीच न येणारा.

"बारा साते?" वडिलांनी विचारलं. मला लाज वाटली. आईने कपाळाला हात लावला.

"चौऱ्याऐंशी," महाराज हसून म्हणाले. "तेवढंच पाठ हाय. लक्ष चौऱ्याऐंशी योनी लोकान्ला रोज सांगाव्या लागत्यात, म्हनून."

वडीलही हसले. मग अचानक त्यांचं हसू गेलं. "तू पाचवीत आलाच नाहीस," ते म्हणाले. "मी एकदा तुला वर्गाबाहेर काढलं होतं. सगळ्यांसमोर बोललो होतो. त्यामुळे शाळा सोडलीस का?"

दुसरा कुणी असता तर 'छे, गुरुजी' म्हणाला असता. महाराज तसं म्हणाले नाहीत. "घरी गुरं हुती, ती राखायची हुती," ते म्हणाले. "पन व्हय, थोडी तुमच्यामुळंबी. राग न्हाई गुरुजी. इचारलंत म्हनून सांगितलं."

परतताना आईने दोनदा मागे वळून बघितलं, वडील झोपले तर नाहीत ना म्हणून.

पुढच्या गुरुवारी ते स्वतःच बसने जामखेडला आणि तिथून जीपने मठात गेले. त्याच्या पुढच्याही. आई चिडली. "अनुग्रह माझा आणि वाऱ्या यांच्या!" कारण विचारलं तर काही सांगत नसत. शेवटी एका गुरुवारी ती त्यांच्याबरोबर गेली, तेव्हा उलगडा झाला. महाराजांना धड वाचता येत नव्हतं. सगळं त्यांच्या गुरूंकडून ऐकून पाठ केलेलं. पोथी समोर उघडी असायची, पण पानं अंदाजाने उलटायची. त्यांनी हे वडिलांना सांगितलं होतं आणि वडील दर गुरुवारी मागच्या खोलीत त्यांना जोडाक्षरं शिकवत होते. महाराज सतरंजीवर, वडील खुर्चीवर.

आई सांगते, त्या खोलीत तिने आपला नवरा पहिल्यांदा पाहिला. एका शब्दाला महाराज सहा वेळा अडले आणि वडील सहाही वेळा "पुन्हा एकदा बघ" एवढंच म्हणाले. "माझ्या भाताला एवढी संधी कधी दिली नाहीत," ती त्यांना जीपमध्ये म्हणाली.

दत्तजयंतीला महाराजांनी पहिल्यांदा खरंच वाचून पोथी सांगितली. त्याआधी त्यांनी लोकांना उघड सांगून टाकलं, "आजवर मी पाठ म्हनत हुतो. आज वाचनार हाय. चुकलं तर सांभाळून घ्या." लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाचन छान चाललं होतं, आणि 'निःस्पृह' आला. महाराज 'निस्पुरु' म्हणाले.

"निःस्पृह!" पहिल्या रांगेतून वडील मोठ्याने ओरडले.

आईने त्यांना असा चिमटा काढला की शर्टाची बाही टर्रकन फाटली. महाराजांनी मान वर केली, "व्हय गुरुजी," म्हणाले, शब्द नीट म्हटला आणि पुढे वाचू लागले. वडिलांचे डोळे भरून आले होते. चिमट्यामुळे, असं ते आजही सांगतात.

यंदाच्या उन्हाळ्यात मी सुट्टीत तिथेच होते, तेव्हा एकदा वडील मठातून परत आले. जेवताना भाताला नाव ठेवलं नाही. आईने ताट उचलता उचलता विचारलं, "घेतलात का अनुग्रह?"

"सांगायचं नसतं."

"मंत्र सांगायचा नसतो. घेतला हे सांगायला काय झालं?"

वडील लाजले. त्र्याहत्तराव्या वर्षी माणूस लाजलेला मी प्रथमच पाहिला.

आता सकाळी दोघंही जपाला बसतात, आई देवघरापाशी आणि वडील मागच्या ओट्यावर. एकाचा मंत्र दुसऱ्याच्या कानावर जाऊ नये म्हणून मधला दरवाजा लावून घेतात. दोघांना कमी ऐकू येतं, त्यामुळे दोघं 'मनातल्या मनात' बरंच मोठ्याने म्हणतात. मी सुट्टीत जाते तेव्हा मधल्या खोलीत झोपते आणि मला दोन्हीकडचं स्पष्ट ऐकू येतं. दोघांचा मंत्र एकच आहे का, हे विचारल्यासारखं दोघं अधूनमधून माझ्याकडे बघतात. मी उठून चहा टाकते.