चादरीला पाडलेलं भोक

सगुणाला घरच्यांनी गोठ्यात ठेवलं होतं. डाव्या स्तनात लिंबाएवढी गाठ आली, त्याच दिवशी सासूनं तिचं मूल अंगावरून तोडलं. दूध नासलंय, अशी सासूची खात्री. चार महिन्यांची पोर शेळीच्या पाणी घातलेल्या दुधावर दिवसेंदिवस वाळत होती.

मी तेव्हा पाटोद्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर. निजामाचं राज्य. आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेला मी पहिला, आणि ते मी कुणाला विसरू देत नसे. सगुणाच्या नवऱ्यानं बोलावलं म्हणून सहा कोस घोड्यावर गेलो. सासू दारात वाट अडवून उभी.

"इचारा काय ते. हात लावायचा न्हाई."

"न बघता सांगायला मी ज्योतिषी नाही, बाई."

"मग जावा की!"

गेलो. माझ्या डिग्रीचा अपमान झाला होता ना.

आठ दिवसांनी त्या गावची सुईण रुक्मा दवाखान्यात आली. "डाक्टरसाब, उद्या गाठीवर डाग देनार हायेत. तापल्या सळईनं. तुमी बसा रुसून हितंच."

रुसवा सोडून निघालो. सासू अजून हात लावू देईना, तेव्हा तोड रुक्मानंच काढली. चादरीला वीतभर भोक पाडलं. चादरीआड सगुणा. भोकातून दिसेल तेवढीच जागा माझी, बाकी हात रुक्माचे. एवढं सासूनं चालवून घेतलं.

आधी विचारलं. ताप नाही, स्तनाग्रातून रक्त नाही. मग बघितलं. लाली नाही, कातडी कुठं आत ओढलेली नाही. मग चाचपलं. गाठ गुळगुळीत, बोटाखाली सरकणारी. कॅन्सरची गाठ बहुधा टणक असते, रुतून बसते.

"काखेत गोळे?"

"काय बी न्हाई, साब."

तरी नुसत्या बोटांवर भरवसा ठेवायचा नसतो. उकळलेली सुई घातली, सिरींज ओढली. दाट, पांढरं दूध आलं. गाठ हाताखालीच बसली. दुधाची नळी तुंबली की दूध असं आत साठून राहतं. मूल तोडल्यामुळं ते आणखीच साठलं होतं.

सिरींज सासूपुढं धरली. तिनं वाकून वास घेतला.

"ह्ये तर चांगलं दूध हाय."

"होय."

"आगं, पोरीला आना कुनी तरी!"

पोरीनं तोंड लावलं. ओढायची ताकद उरली नव्हती. वाटीत काढून चमच्यानं पाजलं. तिसऱ्या दिवशी पोर गेली. मी पहिल्या दिवशीच मान तुकवली असती, तर कदाचित वाचली असती. हे मी कुणापुढं बोललो नाही.

महिन्यानं सगुणाला पुन्हा तपासलं. गाठ परतली नव्हती. विचारा, बघा, चाचपा, सुई घाला, पुन्हा बघा. एवढंच आमचं शास्त्र. पण त्यासाठी आधी दारातून आत जावं लागतं.

पुढं त्या गावच्या बायका हाताला गाठ लागली की रुक्माला घेऊन दवाखान्यात यायच्या. मी असेपर्यंत तिथं कुणाला डागलं नाही, आणि कुणाचं मूल अंगावरून तोडलं नाही.