खंडेनवमीला पुजलेला कन्सोल

बाळांनो, दिवाळीला येताना खेळायचे दोन्ही रिमोट आणतोय, असं तुम्ही रविवारी फोनवर सांगितलंत आणि मी "आणा" म्हणून गेले. आता मात्र तुम्ही निघण्याआधीच लिहिते. तुमचा गेमचा कन्सोल बंद पडला आहे. इथे येऊन टीव्हीला जोडल्यावर तुम्हाला ते कळावं, असं मला नको आहे.

काही वर्षांपूर्वी इथून जाताना तुम्ही तो माझ्या ताब्यात दिलात, अर्धा राहिलेला खेळ आतच ठेवून. धाकटीने बजावलं होतं, "आजी, डिस्क काढू नकोस. आपण तिघं इथूनच पुढे खेळू." मी सोबतची इंग्रजी पुस्तिका पहिल्या पानापासून वाचली. धूळ नको, ऊन नको, ओल नको. म्हणून कूलरच्या खोलीतून हलवून तो कपाटात ठेवला, वर सुती अभ्रा शिवून घातला. दर खंडेनवमीला शिलाई मशीन आणि आजोबांच्या स्कूटरबरोबर त्यालाही बाहेर काढलं, हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. त्या दिवशी अवजारांना विश्रांती असते, म्हणून सुरू केला नाही. एरवी खेळायला तुम्ही नव्हतात.

तुमचा फोन ठेवला आणि कन्सोल काढून लावून पाहिला. दिवा लागला. बटण दाबलं तर आतून घरघर आली, पण डिस्कचा ट्रे हलेना. आजोबा आधी हसले.

"तू त्याले देवासारखं बसवलं. आता तो तोंड उघडत नाई म्हणून कायले रुसते?"

मग त्यांनीच स्कूटर काढली. बसस्टँडजवळच्या दुरुस्तीवाल्याने आमच्यासमोर तो उघडला. ट्रे ओढायला आत बांगडीएवढा रबरी पट्टा असतो. एकाच जागी ताणलेला राहून तो सैल पडला होता.

"चालवत राह्यले असते तर टिकला असता, काकू," तो म्हणाला. "ठेवून ठेवून गेला."

या मॉडेलचा पट्टा आता येत नाही. त्याने साधा रबर लावून पाहिला. ट्रे एकदा बाहेर आला, पुन्हा आत गेला नाही. तुमचा खेळ कुठवर आला होता ते कन्सोलमध्ये साठवलेलं आहे, पण डिस्क आत गेल्याशिवाय उघडत नाही, असंही त्यानेच सांगितलं.

घरी येऊन मी पुस्तिका पुन्हा वाचली. अधूनमधून चालवा, असं त्यात कुठेही नाही. माझ्या शिलाई मशीनचा पट्टा डोळ्यांसमोर असतो, सैल झाला की मी आवळते. कन्सोल बनवणाऱ्यांनी तो आत लपवला आणि मला फक्त धूळ पुसायला सांगितलं. मी एकही सूचना मोडली नाही, आणि नेमकं त्यानेच तुमचं यंत्र गेलं. हा राग कोणावर काढावा, तेही कळत नाही.

थोरला म्हणेल, आता खेळायला डिस्कची गरजच नसते, नवीन घेऊ. घ्या. पण आपला खेळ त्यात नसेल.

डिस्क निघाली आहे. तिच्यावर एकही ओरखडा नाही.