चौथी लाइन

माझ्या बाबांना लोखंडाच्या यार्डात सगळे 'दुर्बीण' म्हणतात. एकतीस वर्षं क्रेन चालवताना चार मजले उंचावरच्या काचेच्या कॅबिनमधून खाली पडलेला खिळासुद्धा त्यांनी दाखवलाय, म्हणून हे नाव. खाली उभा राहून त्यांना हातांनी खुणा करतो तो माझा नवरा. वर घे, खाली सोड, थांब. त्या यार्डात अजूनही सगळं हातांवरच चालतं. जावई शोधायला तुम्ही कॅबिनमधून उतरायचीही तसदी घेतली नाहीत, असं मी बाबांना चिडवायचे.

यंदा त्यांच्या डोक्यात मासेमारीचं खूळ शिरलं. तेही साधंसुधं गळ टाकून बसायचं नाही. पिसांची खोटी माशी दूर पाण्यावर फेकायची. त्या माशीला वजन ते काय असणार? म्हणून वजन लाइनमध्येच, म्हणजे काठीच्या जाडसर दोरीतच असतं. फेकायची खरी ती लाइन, माशी आपली तिच्यामागून जाते. हे मला बाबांनी जेवताना इतक्या वेळा ऐकवलं की मी ते झोपेतही सांगेन.

लाइन निवडायला मात्र ते महिनोन् महिने घोळ घालत होते. आधी पांढरी आणली, मग हिरवी, मग नारिंगी. त्या रविवारी पिवळी घ्यायला निघाले तेव्हा मीही सोबत गेले, कारण मला आता राग यायला लागला होता.

दुकानातल्या बाईंनी मला बघून सुटकेचा निःश्वास सोडला. "ताई, तुम्हीच समजवा यांना. तळ्यावर शिकायचं तर तरंगती लाइन घ्यायची, पुढच्या बाजूला जाड असलेली, म्हणजे फेकायला सोपी जाते. काठीवर पाच लिहिलंय, तर लाइनही पाच नंबरची. बुडणारी लाइन खोल पाण्याला, ती पुढे बघू. हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि यांनी अगदी बरोबर लाइन नेली होती. नंतरच्या दोन्ही तशाच. फक्त रंग वेगळा."

"मग माशांना रंगाने फरक पडतो का?" मी विचारलं.

"माशांना काय त्याचं? टोकाला बिनरंगी दोरा असतो, मासा तो बघतो. लाइनचा रंग आपल्यासाठी. आपल्याला दिसावी म्हणून."

बाबांनी पिवळी लाइन उचलली. मला काहीतरी खटकलं, पण काय ते कळेना.

तळ्यावर उन्हं छान पडली होती, वारा नव्हता. बाबांनी काठी मागे नेली, पुढे आणली आणि लाइन सरळ पाण्यावर पडली. नवशिक्याच्या मानाने फारच सफाईदार फेक होती. मी टाळ्या वाजवणार, एवढ्यात ते सहज विचारल्यासारखं म्हणाले, "टोक कुठे आहे गं?"

"ते काय समोर. त्या पाण्यातल्या बुंध्याच्या अलीकडे."

ते डावीकडे बघत होते.

त्यांनी थोडी लाइन ओढून घेतली. "आता?" पुन्हा थोडी ओढली. "आता?" काठीपासून सात-आठ पावलांवर लाइन आली तेव्हा कुठे त्यांनी मान डोलावली. "हां. इथे दिसतेय."

आणि मला हातमोजे आठवले. माझ्या नवऱ्याचे खुणा करायचे हातमोजे. बाबांनी हौसेने आणून दिलेले, आधी पांढरे, मग हिरवे. गेल्या महिन्यात नारिंगी. आम्ही दोघं हसलो होतो, म्हातारपणी यांना जावयाला नटवायची हौस आली म्हणून.

तीन टन सळ्यांचा गठ्ठा, त्याच्या अगदी खाली माझा नवरा, आणि वर हा माणूस, ज्याला दहा पावलांवरची पिवळीधमक लाइन दिसत नाही.

"बाबा, कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. मधोमध धूसर होतं. कडेने दिसतं मला, नीट दिसतं." ते भराभर बोलत होते. "इथे बारीक लाइन दिसली तर तिथे मोजे दिसणारच ना? म्हणून रंग बघतोय. पिवळा चालेल असं वाटतं."

"चालेल? तो मरेल, बाबा!"

मी एवढ्या जोरात ओरडले की पलीकडच्या काठावरचा माणूस उठून उभा राहिला. बाबांनी काठी खाली ठेवली. मी त्यांना कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं.

"डॉक्टरकडे गेलो तर तो क्रेनवरून खाली उतरवेल," ते म्हणाले. "आणि मग नुसतं घरात बसून आंधळं व्हायची वाट बघायची. मला फार भीती वाटते गं."

मला त्यांची कीव आली आणि संतापही आला. दोन्ही एकदम येतात तेव्हा माणसाने काय करायचं, हे कुणी शिकवत नाही.

घरी आल्या आल्या मी नवऱ्याला त्यांच्यासमोरच सगळं सांगून टाकलं. मला वाटलं तो उसळेल. तो चहाचा कप तसाच हातात धरून बसला.

"माहीत आहे मला," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"पावसाळ्यात एकदा मी 'थांब' केलं आणि गठ्ठा खालीच येत राहिला. मी उडी मारली म्हणून वाचलो. तेव्हापासून मी खुणा मोठ्या करतो. एका पायावर जोर देऊन उभा राहतो, पळायला बरं पडतं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"बाबांना निवृत्त व्हायला दीडच वर्ष राहिलंय. म्हटलं, निभावून नेऊ."

बाबा भिंतीला टेकले. त्या गठ्ठ्याबद्दल त्यांना काहीच माहीत नव्हतं. आपलं थोडं धूसर झालंय, अजून चुकलेलं काही नाही, या समजुतीवर ते रोज शिडी चढत होते. ते जेवले नाहीत.

सोमवारी सकाळी दोघं नेहमीसारखे बरोबर निघाले. मी दिवसभर फोनकडे बघत होते. वाजला की छाती धडधडायची. वाजला नाही की जास्तच.

बाबा दुपारीच परत आले. शिडीशी गेलेच नव्हते. सगळ्यांसमोर साहेबांना सांगितलं होतं, मला दिसत नाही, दुसरा माणूस चढवा. मी पाणी दिलं. त्यांनी ते पिऊन ग्लास खाली ठेवला.

"निघण्याआधी जरा जावयाच्या जागेवर जाऊन उभा राहिलो," ते म्हणाले. "एकतीस वर्षांत कधी राहिलो नव्हतो. वरून गठ्ठा एवढासा दिसतो गं. खालून सगळं आभाळ झाकतो. पळालो मी तिथून." मग म्हणाले, "आणि सगळं माहीत असून तो रोज तिथून वर मला हात हलवायचा."