मामा एकदाच बसले

आमच्या मतदारसंघात माझ्या बायकोच्या मामांइतक्या निष्ठेने निवडणुकीत पडलेला दुसरा माणूस नाही. पक्ष फुटले, चिन्हं बदलली, कालचे वैरी आज एका जीपमध्ये बसले. मामा मात्र प्रत्येक विधानसभेला अपक्ष म्हणून उभे राहिले आणि प्रत्येक वेळी स्थिर मनाने पडले. लातूर जिल्ह्यातल्या एका बाजारगावी त्यांचं कापडाचं दुकान होतं. गिऱ्हाइकाने धोतरजोडी मागितली की मामा आधी विचारत, "गाव कोणतं?" मग त्या गावात पहिल्या निवडणुकीपासून कोण पुढे होता, कोण मेहुण्यापायी फुटला, हे सगळं ऐकल्यावरच माणसाला धोतर मिळे. काही जण धोतर न घेताच जात. मामांच्या ते लक्षात येत नसे.

एकदा एका आडवळणाच्या गावात त्यांना नेमकं एक मत पडलं. मामी म्हणाल्या, "चुकून शिक्का पडला असंल." मामांना ते पटलं नाही. शाल आणि नारळ घेऊन ते त्या मतदाराचे आभार मानायला गेले. पारावर अकरा जण पुढे झाले, आणि अकराही जण म्हणाले, "मीच टाकलं, मामा." मामांनी नारळ फोडून सगळ्यांना वाटला, शाल त्यातल्या सर्वांत म्हाताऱ्याला पांघरली आणि घरी येऊन गंभीरपणे सांगितलं, "मतमोजणीत लई घोळ हाय."

मग भूकंप झाला. आमचं गाव वाचलं, पण पलीकडची गावं झोपेतच गेली. बातमी कळताच मामांनी दुकानातले तागे जीपमध्ये टाकले. मीही बरोबर होतो. त्यांच्या पिशवीत प्रचारासाठी जपलेली मतदारयादी होती. ती का घेतली, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पहिल्याच गावात दगडमातीचे नुसते ढीग होते. कुठलं घर कुठं होतं, हे बाहेरून आलेल्या जवानांना कळेना. मामांनी यादी उघडली आणि घरांच्या क्रमाने नावं वाचायला सुरुवात केली. वाचलेली माणसं "हाय" म्हणत. उत्तर आलं नाही की मामा नाव पुन्हा वाचत आणि हाताने जागा दाखवत. "हितं बघा, चार मतं हायत," असं एकदा म्हणाले, थांबले, आणि हळूच म्हणाले, "चार माणसं हायत." लहान मुलं यादीत नसतात, दारोदार फिरून ती मामांना पाठ होती. दुपारपर्यंत दोघं जिवंत निघाले. मामांचा आवाज गेला, पण यादी संपेपर्यंत ते थांबले नाहीत.

पुढच्या निवडणुकीला मामांनी सवयीने अर्ज भरला आणि अघटित घडलं. हवा मामांची झाली. गावोगावचे लोक दुकानात येऊन सांगू लागले, "मामा, औंदा तुम्हीच." माघारीच्या शेवटच्या दिवशी मामा तहसिलात गेले आणि अर्ज मागे घेऊन आले. मी चिडलो.

"मामा, पहिल्यांदा निवडून आला असता!"

"हाव, आलो असतो," मामा म्हणाले. "पर जावईबापू, ती नावं मी मतासाठी वाचली व्हती का?"

त्यानंतरच्या निवडणुकीला, हवा पुरती विरल्याची खात्री करून, ते पुन्हा उभे राहिले आणि व्यवस्थित पडले.

आता मामा लातुरात लेकाकडे असतात. घर क्लासेसच्या गल्लीत. वरच्या खोल्यांत डॉक्टर व्हायला आलेल्या मुली राहतात. कुणी अहमदपूरची, कुणी मुखेडची. मामा त्यांना जिन्यात अडवून त्यांच्या त्यांच्या मतदारसंघाचा इतिहास सांगतात. मुखेडच्या एका मुलीने विचारलं, "आजोबा, हे पेपरला येतं का?" येत नाही म्हटल्यावरही ती ऐकत उभी राहिली, तेव्हापासून ती मामांची लाडकी.

परवा गेलो तेव्हा निकाल लागून मुली गावी गेल्या होत्या. मामा एकटेच पायरीवर बसले होते.

"मुखेडची पास झाली का?" मी विचारलं.

"न्हाई. लई रडायली व्हती."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"मी काय सांगणार? संग बसलो. च्या पाजला." मामांनी वरच्या बंद दाराकडे बोट दाखवलं. "तिची खोली कुणाला देऊ नको, म्हणून पोराला सांगितलंय."