वडिलांची हलगी

मला मदत केली ती कुडव्यातल्या मोबाइल दुकानाच्या दादांनी. ते गिऱ्हाइकाकडे बघत नाहीत. मोबाइलशीच बोलल्यासारखं "हं, पायतो" म्हणतात. चिडले की हिंदीत जातात.

मी शाळा सोडून लातूरकडून इथं राइस मिलमध्ये आलो. त्याआधी चुलतभावाच्या लग्नात हलगी वाजवता वाजवता माझे वडील कोसळले आणि गेले. तो व्हिडिओ माझ्याकडे होता. हलगी ऐकावीशी वाटायची, पण पुढचं दिसेल म्हणून उघडायची हिंमत होत नव्हती.

हे सांगून मी मोबाइल दादांपुढे ठेवला. त्यांनी इअरफोन लावले, स्क्रीन स्वतःकडे वळवली आणि व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. मग प्लेअरमध्ये सुरू व्हायची आणि वडील कोसळायच्या आधीच थांबायची वेळ घातली.

"पुढचं कापूनच टाका ना," मी म्हणालो.

"काऊन कापू गा? तोही तुयाच बाप आहे. कधी पाहावंसं वाटलं तर ह्या वेळा मिटवून टाकजो."

मग त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला आणि ओरडले, "अगला कौन?"

आता वडील रोज वाजवतात, पडत नाहीत. दादांवर कधी असं काही बघायची वेळ आली, तर त्यांच्याआधी ते मी बघीन.